पहिली बाईक: मिरवायला की कमवायला?

धंदा सुरू करायचाय, गाडी नुकतीच शिकलोय आणि नजर मात्र बुलेटवर! माझं मत स्पष्ट आहे: पहिली गाडी हलकीच घ्या. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं वजन सुमारे १९५ किलो, स्प्लेंडर प्लसचं ११२. मागे माल बांधून ट्रॅफिकमध्ये पाय टेकवायची वेळ आली, की हा फरक कळतो. नवशिक्याची गाडी कधीतरी आडवी होतेच; ती एकट्याला उचलता आली पाहिजे. शोरूममध्ये आधी बसून बघा, दोन्ही पाय नीट टेकतात का? वाचलेल्या पैशातून चांगलं आयएसआय हेल्मेट घ्या, उरलेले धंद्यात घाला. बुलेट जरूर घ्या, पण नफ्यातून. नुसता हप्ता भरायला धंदा करू नका!