'हाताची चव' आणि आपली सोय



जरा मनाला लागलेला विषय आहे, म्हणून लिहितोय.

गेल्या वर्षी आम्ही केंब्रिजमधल्या दहा-बारा कुटुंबांनी मिळून गुढीपाडवा केला. वर्गणी गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. इथल्या एक काकू ऑर्डरप्रमाणे पुरणपोळ्या करून देतात. त्यांनी पोळीला दोन पौंड सांगितले, चाळीस पोळ्यांचे ऐंशी. मी लगेच म्हणालो, "काकू, घरचंच कार्य आहे, थोडं कमी करा ना." त्यांनी काही न बोलता साठ केले. त्याच संध्याकाळी मुलांसाठी पिझ्झे मागवले. बिल साठच्या वरच आलं, पण कोणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही.

पोळ्या अप्रतिम झाल्या होत्या. सगळे म्हणाले, "काकूंच्या हाताला काय चव आहे!" यंदा विचारलं तर काकू म्हणाल्या, "नाही जमणार रे."

मग मी स्वतःच करायला बसलो. (सॉफ्टवेअरवाल्याचा आत्मविश्वास!) डाळ भिजवा, शिजवा, कट काढा, गुळात आटवा, वाटा, कणीक सैल मळून तेलात मुरवा, आणि मग लाटा. तीन तासांत आठ पोळ्या झाल्या, त्यातल्या दोन तव्यावर फुटल्या. चाळीस पोळ्यांचा हिशोब मांडला आणि गप्प बसलो.

तेव्हा अस्मा खान आठवल्या. लंडनच्या 'दार्जिलिंग एक्सप्रेस' या हॉटेलच्या मालकीण. मूळच्या कोलकात्याच्या. १९९१ मध्ये लग्न होऊन त्या आल्या त्या आपल्या केंब्रिजलाच. तेव्हा त्यांना स्वयंपाक येत नव्हता. थंडी, एकटेपणा, आणि एके दिवशी रस्त्यातल्या एका घरातून आलेला पराठ्यांचा वास. त्या वासाने आपल्याला रडू फुटलं, हे त्यांनीच अनेकदा सांगितलंय. इथे पहिला हिवाळा ज्याने ब्रेड-बटरवर काढलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्या रडून थांबल्या नाहीत, शिकल्या. आधी केंब्रिजमधल्याच एका नातेवाईक बाईंकडून, मग कोलकात्याला काही महिने राहून आईकडून आणि घरच्या स्वयंपाक्याकडून. पुढे लंडनला गेल्या, किंग्ज कॉलेजमधून कायद्यात डॉक्टरेट केली, आणि २०१२ मध्ये राहत्या घरीच लोकांना पैसे घेऊन जेवू घालायला लागल्या. २०१७ मध्ये सोहोत हॉटेल उघडलं. तिथल्या स्वयंपाकघरात सगळ्या बायका, आणि त्याही कुठल्या केटरिंग कॉलेजच्या नव्हेत, घरी रांधून शिकलेल्या. काही जणी पूर्वी लोकांची मुलं सांभाळायच्या. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सच्या 'शेफ्स टेबल'मध्ये त्यांच्यावर एक भाग झाला, तो जरूर बघा.

म्हणजे त्यांनी घरच्या स्वयंपाकाला नुसतं 'वा, काय चव' म्हटलं नाही. त्याला कसब मानलं आणि त्याचा पगार दिला.

आता माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. 'हाताची चव' हे आपलं कौतुक सोयीचं आहे. चव हातातच आहे, दैवी देणगी आहे, असं एकदा म्हटलं की दोन गोष्टी टळतात. एक म्हणजे आपल्याला शिकावं लागत नाही. दुसरी म्हणजे पैसे द्यावे लागत नाहीत, कारण देणगीची किंमत कोण विचारतो?

शिकता येत नाही म्हणाल तर कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० मध्येच वाटी-चमच्याच्या मापात सगळं मांडून ठेवलंय. आई फोनवर 'अंदाजाने घाल' म्हणते तो अंदाज म्हणजे हजार वेळा केलेली टेस्टिंग आहे, जादू नव्हे.

आणि पैशांचं म्हणाल तर गिरणगाव आठवा. कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना बायकांनी एका खोलीच्या घरात खानावळी चालवून जेवू घातलं. कामगार पैसे देणार महिन्याने, तोवर किराणा उधारीवर, सावकाराच्या व्याजावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला धंदा म्हणून मान मिळाला. नाव अन्नपूर्णा होतं, पण हिशोब रुपयांत होता. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

कोणी म्हणेल, मग पाहुणचार संपला का? घरी बोलावून जेवू घालणं आणि ऑर्डर देणं यात फरक आहे की नाही? आहे ना! माझ्या घरी या, मी आमटी-भात घालीन, एक पैसा घेणार नाही. पण चाळीस पोळ्यांची ऑर्डर देताना मधेच 'घरचं' हा शब्द काढून भाव पाडणं हा पाहुणचार नव्हे. तो मी केला, म्हणून बोलतोय.

जाता जाता एक कामाची माहिती. ब्रिटनमध्ये घरून खाद्यपदार्थ विकायचे असतील तर सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ती फुकट असते. ओळखीतल्या कुणा काकू-वहिनींना फॉर्म भरायला मदत हवी असेल तर आपण इंजिनिअर मंडळींनी एवढं तरी करावं.

काकूंना परवा फोन केला. गेल्या वर्षीचे राहिलेले वीस पौंड द्यायचे आहेत म्हटलं, आणि दिवाळीच्या चकल्यांचा भाव विचारला. या वेळी त्या सांगतील तोच. "कळवते," म्हणाल्या. अजून कळवलेलं नाही.

चू. भू. द्या. घ्या.