वेदना सोसायची कशाला?

कॅन्सरच्या रुग्णाला "आता घरी न्या, सेवा करा" असं सांगितलं की आपल्या वस्तीत पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "काय करणार, भोग आहेत." मला या शब्दाचा राग येतो. गेल्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत बाबासाहेबांनी नाकारला. मग रात्रभर कण्हणाऱ्या आईच्या उशाशी तो परत कशाला आणायचा?

आजार बरा होणार नसला तरी वेदनेवर इलाज असतो. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. दुखणं, धाप, उलट्या, जखमेचा वास, घरच्यांची घालमेल, हे सगळं पाहणारे खास शिकलेले डॉक्टर आणि नर्स असतात. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये यासाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. आज ब्रिटनमध्ये अशी नर्स घरी येते आणि रुग्णाला त्याचे पैसे पडत नाहीत. २०१५ साली ८० देशांची पाहणी झाली, त्यात ब्रिटन पहिला आणि भारत ६७ वा.

आपण गरीब म्हणून, हे कारण मला पटत नाही. मॉर्फिन अफूपासून बनतं, आणि अफू नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने पिकते. पण १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने परवान्यांची एवढी कटकट झाली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला, धास्ती राहिली. केरळने मात्र २००८ मध्येच सरकारी धोरण केलं. तिथे पंचायतीच्या मदतीने नर्स आणि स्वयंसेवक घरोघर जातात. केरळ काही इंग्लंड नाही.

आपल्या शहरात घाटी आहे, आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिथे "घरी न्या" ऐकल्यावर लगेच उठू नका. दुखण्याचं औषध कोण देणार, मॉर्फिनची गोळी मिळेल का, रात्री त्रास वाढला तर कुठे यायचं, हे विचारा. आपला तो हक्क आहे.

अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतलं होतं. वर्षावासात ग्रंथवाचनाला विहारात जमणाऱ्या महिला मंडळातल्या चौघीजणी आठवड्यातून एकदा अशा घरी गेल्या, तर रुग्णाची कूस बदलायला, पाठ पुसायला हात मिळतील. रात्रंदिवस जागणाऱ्या सुनेला तासभर झोप मिळेल.

आणि "नशा लागेल" म्हणून गोळी लपवून ठेवू नका. डॉक्टरांच्या मापाने, वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनची सवय क्वचितच लागते. दुखायची वाट न पाहता ठरलेल्या तासाला गोळी द्या. तिने पोट घट्ट होतं, म्हणून शौचाला साफ होण्याचं औषधही डॉक्टरांकडून त्याच वेळी मागून घ्या.