शहाण्यांनी ठरवलेली चेटकीण

'शिक्षण वाढलं की डाकीण प्रथा आपोआप जाईल', असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. असं वाटणाऱ्यांनी बोस्टनच्या कॉटन मॅदरची (१६६३–१७२८) हकिगत जरूर वाचावी. हा प्युरिटन धर्मोपदेशक हार्वर्डचा पदवीधर आणि शेकडो पुस्तकांचा लेखक होता.

१६८८ मध्ये बोस्टनच्या गुडविन कुटुंबातल्या मुलीने धोबिणीवर कपडे चोरल्याचा आळ घेतला. धोबिणीची आई ग्लोव्हर, एक गरीब आयरिश म्हातारी, लेकीसाठी भांडली. पुढे गुडविनच्या मुलांना झटके येऊ लागले आणि म्हातारी चेटकीण ठरली. कोर्टात ती आयरिशमध्ये बोलली. दुभाषे लावावे लागले. तिला फाशी दिलं. लेकीची बाजू घेतली, हाच तिचा गुन्हा! १६८९ मध्ये मॅदरने हे प्रकरण पुस्तकात छापून चेटकाला विद्वत्तेची मोहोर दिली.

तीन वर्षांनी सेलममध्ये १९ जणांना फाशी झाली. त्यांत १४ बाया होत्या. मॅदरचे समर्थक सांगतात, केवळ भुताटकीच्या पुराव्यावर विसंबू नका, असं त्याने न्यायाधीशांना बजावलं होतं. खरं आहे. मग एवढं कळत असूनही काही महिन्यांतच त्याच खटल्यांचं समर्थन करणारं पुस्तक त्याने का लिहिलं?

'काळच तसा होता' म्हणावं, तर त्याच काळात सॅम्युएल सूअल या न्यायाधीशाने १६९७ मध्ये भर चर्चमध्ये आपला दोष कबूल केला. रॉबर्ट कॅलेफ या कापड व्यापाऱ्याने मॅदरविरुद्ध पुस्तक लिहिलं. मॅदरने जाहीर माफी कधीच मागितली नाही.

१७२१ च्या साथीत देवीच्या टोचणीचा पुरस्कार केला म्हणून आज त्याचा गौरव होतो. ते ज्ञान त्याला ओनेसिमस या आफ्रिकी गुलामाने दिलं होतं. मॅदरने ते इतर आफ्रिकींना विचारून पडताळलं. म्हणजे पडताळणी त्याला येत होती! बायांचा जीव जात होता, तेव्हा ती कुठे गेली होती?

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. सातपुड्यातली बाई डाकीण ठरली की आपण भगताकडे बोट दाखवतो. तिच्या जमिनीवर डोळा असलेले भाऊबंद, गप्प बसणारे पंच, तक्रार न नोंदवणारा शिकलेला अंमलदार, हे सगळे नामानिराळे राहतात. मैत्रिणींनो, गावाला 'अडाणी' म्हणण्याआधी विचारू या: यात फावतं कोणाचं, आणि त्यावर शिक्कामोर्तब कोण करतं?