गाईचे व्याज

आमच्या घरी ज्या कपाटात देवाच्या पोथ्या आहेत त्याच कपाटात खालच्या फळीवर चार वह्या आहेत. लाल कापडी बांधणीच्या, लांबट, वाण्याच्या खतावणीसारख्या. पहिलीच्या पहिल्या पानावर आमच्या वडिलांच्या टपोऱ्या अक्षरात मथळा आहे : ‘श्री. कोरियन गाडीचा खर्च. प्रारंभ, गुढीपाडवा, शके १९२२.’ नुसता खर्च. जमेचे पान कोरे. ज्या माणसाने उभे आयुष्य बँकेत दोन्ही पाने जुळवण्यात घालवले त्याने एक पान मुद्दाम कोरे सोडले, यावरून दादांचे त्या गाडीविषयी मत काय होते ते वाचकांच्या ध्यानात यावे.

मला यंत्रातले फार कळते असे नाही. बॉनेट उघडले की मी आदराने दोन पावले मागे सरतो. परंतु या वह्या जवळ आहेत आणि गाडीच्या कुळाची थोडीफार माहितीही गोळा केली आहे, तेव्हा यंदाच्या दिवाळीत या पानावर तीच मांडतो.

१९९८ हे साल लहान मोटारींच्या बाबतीत मोठ्या धामधुमीचे गेले. तोवर आमच्यासारख्यांची गाडी म्हणजे मारुती ८००, नाहीतर कुणाची तरी वापरलेली फियाट. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ह्युंदाईची सँट्रो आली, त्याच सुमारास देवूची मॅटिझ आली, आणि वर्ष सरता सरता टेल्कोची इंडिका जाहीर झाली. आम्ही पुणेकर, सोसायटीतल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी पिंपरीला कामाला जाणारे. मी सँट्रोचे नाव काढताच ‘आपली गाडी सोडून परक्याची?’ हा प्रश्न जिन्याजिन्यावर मला विचारला गेला. शिवाय ते नाव! कोरियन भाषेत त्याचा अर्थ ‘आधुनिक’ असा आहे म्हणतात. आमच्या शेजारच्या काकूंनी ते ‘हुंडाई’ असे ऐकले आणि ‘अजून घेतात का हो हुंडा?’ असे आमच्या सौभाग्यवतीला हळूच विचारले.

गाडी दिसायलाही विचित्रच होती. उंच, अरुंद, पेटीवर पेटी ठेवल्यासारखी. युरोपात ती आटोस या नावाने १९९७ साली आली होती. आपल्याकडे थोडा फेरफार करून, मद्रासजवळ श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात ती बनू लागली. शाहरुख खानच्या जाहिरातीत तोच कंपनीच्या कोरियन साहेबाला उलटसुलट प्रश्न विचारी. परंतु आमच्या घरी निकाल शाहरुख खानने दिला नाही, आईच्या गुडघ्यांनी दिला. तिला संधिवात. ठेंगण्या गाडीत तिला आधी बसवावे लागे, मग पाय आत घ्यावे लागत, आणि उतरताना दोघांनी ओढावे लागे. सँट्रो पाहायला आम्ही तिला नेले. नऊवारी सावरत ती आत गेली, खुर्चीवर बसावे तशी बसली, आणि कुणाचाही हात न धरता खाली उतरली. मग पुन्हा एकदा बसली. विक्रेता इंजिनाची माहिती सांगत होता : ९९९ सी.सी., बारा व्हॉल्व्ह, पंचावन्न अश्वशक्ती, कार्बुरेटरऐवजी इंजेक्शन. त्याचे कुणी ऐकले नाही.

दादांचा विरोध निराळ्या मुद्द्यावर होता. देवू हा कोरियातला बलाढ्य उद्योगसमूह १९९९ साली कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला. ती बातमी दादांनी कापून ठेवली होती. ‘त्यांच्यातलाच एक बुडाला. हाही उद्या कुलूप लावून गेला तर सुटे भाग आणायला काय आगबोटीने जाणार आहेस?’ प्रश्न खोटा नव्हता. सगळे कर धरून किंमत साडेतीन लाखांच्या घरात जात होती. भविष्यनिर्वाह निधीतली उचल, सौ.च्या पगारावरचे कर्ज आणि मुलीच्या नावाने ठेवलेली एक ठेव मोडून ती उभी करायची होती. ज्या माणसाने स्कूटरसाठी नंबर लावून आठ वर्षे वाट पाहिली, त्याला आठवड्यात घरपोच होणाऱ्या वस्तूचा संशय येणे साहजिक होते.

गाडी आली. दादांनी नारळ फोडला, पेढा खाल्ला, आणि वही उघडली.

त्यानंतर एक वर्ष प्रत्येक लिटर, प्रत्येक पंक्चर, हवा भरण्याचा एकेक रुपया त्या वहीत चढला. टाकी काठोकाठ भरायची, मैलाचा काटा टिपायचा, पुन्हा काठोकाठ भरून भागाकार करायचा. शहरात लिटरला तेरा-साडेतेरा किलोमीटर, कोल्हापूरच्या रस्त्यावर सतरा. विक्रेत्याने याहून अधिक सांगितले होते, त्या फरकाखाली दादांनी दोन रेघा ओढल्या आहेत. एका वर्कशॉपने (नाव सांगत नाही) एअर फिल्टर बदलल्याचे बिल लावले. दादांनी जुन्या फिल्टरच्या कडेला पेन्सिलीने बारीक ‘श्री’ काढून ठेवला होता. घरी येऊन बॉनेट उघडले तर श्री जागच्या जागी! दुसऱ्या दिवशी ते बसने तिथे गेले आणि पैसे परत घेऊन आले. बसचे भाडेही वहीत आहे.

मार्च २००१ मध्ये ह्युंदाईचे संस्थापक चुंग जु-यंग वारले. त्यांच्या आयुष्याची हकिकत वाचली आणि मी ती दादांना सांगितली.

१९१५ साली, आज उत्तर कोरियात असलेल्या आसान नावाच्या खेड्यात एका गरीब शेतकऱ्याच्या पोटी हा थोरला मुलगा जन्मला. शेतीत राम नाही हे त्याला लवकर कळले आणि तो घरातून पळू लागला. एकदा नव्हे, चार वेळा. दरवेळी बाप शोधून परत आणी. एकदा तर बापाने गाय विकून आणलेले सत्तर वॉन घेऊन पोरगा सेऊलला गेला. गंमत अशी की त्या चोरीच्या पैशांतून त्याने चैन केली नाही. जमाखर्च शिकवणाऱ्या शाळेत नाव घातले! बापाने तिथूनही त्याला परत आणला. अखेर चौथ्यांदा तो निसटला. बंदरावर हमाली केली, तांदळाच्या दुकानात पोती पोचवली, आणि मालक आजारी पडला तेव्हा दुकानच त्याच्या हाती आले. युद्धकाळात जपानी सरकारने तांदळावर नियंत्रण आणले, दुकान बसले. १९४० साली त्याने मोटारदुरुस्तीचा कारखाना घेतला. तो थोड्याच दिवसांत आगीत भस्म झाला. ज्याचे कर्ज डोक्यावर होते त्याच्याकडेच पुन्हा जाऊन त्याने आणखी कर्ज मागितले, आणि मिळवले. पुढे बांधकाम, पूल, सेऊल ते बुसान हा महामार्ग, जहाजे, आणि १९६७ साली मोटारींची कंपनी.

आणि १९९८ च्या जूनमध्ये, ऐंशी उलटलेला हा म्हातारा ट्रकांतून पाचशे गुरे घेऊन, जिथे पाखरूही फिरकत नाही अशी ती उत्तर-दक्षिण सीमा ओलांडून आपल्या मुलखात गेला. ऑक्टोबरात आणखी पाचशे एक नेली. एक गाय मुद्दल. हजार गाई व्याज.

दादा ऐकत होते. त्यांनी चष्मा लावला आणि वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड सुरू केली. अर्ध्या तासाने म्हणाले, ‘पासष्ट वर्षे धरली तर चक्रवाढीने दरसाल दरशेकडा सुमारे अकरा पडतात. आपल्या मुदत ठेवीचा दर.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘म्हणजे दानधर्माची गोष्ट नव्हे. हिशेब पुरा केला त्याने.’

त्या संध्याकाळी जमेच्या कोऱ्या पानावर पहिली नोंद झाली : ‘आळंदी जाऊन-येऊन, चौघे. रिक्षाचे भाडे वाचले. आईस पायाचा त्रास नाही.’

ह्युंदाईचे मोटारीतले पहिले पाऊल काही मोठे डौलदार नव्हते. १९६८ पासून उल्सान येथे फोर्डची कॉर्टिना जोडून विकायची, एवढेच काम होते. ती गाडी कोरियाच्या तेव्हाच्या खडबडीत रस्त्यांवर टिकेना. मग स्वतःची गाडी करायचे ठरले. करणार कोण? इंजिन मित्सुबिशीचे, आकार इटलीच्या जुजारोचा, आणि कारखाना उभा करायला ब्रिटिश लेलँडमधून बाहेर पडलेले जॉर्ज टर्नबुल. १९७४ साली तुरिनच्या प्रदर्शनात ‘पोनी’ मांडली गेली, १९७६ पासून ती कोरियात विकली जाऊ लागली, आणि त्याच वर्षी तिची पहिली परदेशवारी झाली ती इक्वेडोरला. गेल्या किती, तर पाच!

दहा वर्षांनी, १९८६ साली, ‘एक्सेल’ अमेरिकेत गेली. किंमत ४,९९५ डॉलर. पहिल्याच वर्षी १,६८,८८२ खपल्या. ज्याला नवी गाडी कधी परवडलीच नसती असा माणूस ती घेऊन गेला. आणि मग त्या बिघडू लागल्या. स्वस्त वस्तू स्वस्तात बनवली की काय होते, ते अमेरिकेने पाहिले. रात्रीच्या दूरचित्रवाणीवर तिच्या नावाने विनोद होऊ लागले. मला या प्रकरणात रस आहे तो पुढच्या भागात. नाव एकदा बद्दू झाले की लोक नाव बदलतात. यांनी नाव तेच ठेवले, आणि १९९८ साली इंजिन व गिअरबॉक्सला दहा वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी जाहीर केली. प्रतिस्पर्धी हसले असतील. परंतु हमी म्हणजे लेखी कर्जच. गाडी वाईट निघाली तर ती देणाऱ्यालाच बुडवते. चुंग यांचे चिरंजीव मोंग-कू यांनी कारभार हाती घेतल्यावर कारखान्यात दर्जाच्या नावाने कडक शिस्त लावली, ती या कर्जाच्या धाकानेच, असे मी समजतो. त्याच सुमारास दिवाळखोरीत गेलेली किया कंपनीही त्यांनी घेतली. २०२२ साली हा समूह गाड्यांच्या खपात जगात तिसरा झाला.

पुन्हा वहीकडे येतो. २००६ चा ऑगस्ट, पावसाची रात्र. मी कामासाठी नागपूरला होतो. दादांच्या छातीत कळ आली. सौ.ने गाडी चालवायला शिकून चार वर्षे झाली होती, पण रात्रीची आणि एकटीने ती कधी बाहेर पडली नव्हती. रस्त्यावर रिक्षा नाही, फोनला कुणी उत्तर देईना. तिने आणि आईने मिळून दादांना खाली आणले. त्या उंच आसनावर ते बसू शकले. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. पुढचे ती सांगत नाही; एका सिग्नलला थांबले नाही, एवढेच कबूल करते. दादा वाचले. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी वही मागितली. अक्षर थोडे कापरे आहे : ‘रात्रौ २-१०. रुग्णालय, ६ कि.मी. सूनबाईंनी चालवली.’ आणि जमेच्या पानावर, त्याच ओळीत : ‘रक्कम लिहिता येत नाही.’

त्या गाडीत हवेच्या पिशव्या नव्हत्या, चाके न घसरू देणारे ब्रेक नव्हते. त्या काळच्या स्वस्त गाड्यांत ते कुठे नसायचेच. आज मुलीला मी तसली गाडी घेऊ देणार नाही. स्वस्त आणि सुरक्षित यांचे जुळवायला आपल्याकडे फार उशीर झाला, आणि त्यात आम्ही गिऱ्हाइकांनीही कधी मोठ्याने विचारले नाही. मायलेज मात्र सगळे विचारत होतो.

एक योगायोग दादांना आवडला असता. बुडालेल्या देवूची मोटार कंपनी २००२ साली जनरल मोटर्सकडे गेली; तिची मॅटिझ पुढे स्पार्क या नावाने पुण्याजवळ तळेगावच्या कारखान्यात बनू लागली. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस आपल्याकडची विक्री थांबवली आणि २०२० च्या शेवटी तळेगावचा कारखानाही बंद केला. तो कारखाना घेण्याचा करार ऑगस्ट २०२३ मध्ये केला तो ह्युंदाईने. आगबोटीने जायची पाळी आली नाही. लोकलने जाता येते.

दादा २०११ साली गेले. वही सौ.ने चालू ठेवली, दोन्ही पानांसकट. २०१४ च्या अखेरीस ती सँट्रो बनणे थांबले. नंतर त्याच नावाची नवी आली आणि तीही २०२२ साली बंद झाली. आमची पंधरा वर्षे भरल्यावर पर्यावरण कर भरून नोंदणी वाढवून घेतली, आणखी चार वर्षे चालवली. २०१९ मध्ये साताऱ्याकडचा एक तरुण मेकॅनिक ती घ्यायला आला. त्याने नेहमीप्रमाणे विचारले, ‘सर्व्हिसिंगची नोंद काही आहे का, काका?’ मी चारही वह्या पुढे ठेवल्या. तो अर्धा तास पाने उलटत बसला. चहा निवला. मग म्हणाला, ‘किंमत नाही पाडून मागत. वह्या मिळतील?’

वह्या दिल्या नाहीत. चौथीच्या शेवटच्या पानावर सौ.च्या अक्षरात आहे : ‘कि.मी. १,६३,४१२. विक्री रु. ४५,०००. टाकीत पाच लिटर पेट्रोल राहिले, ते धरलेले नाही.’