फोनवरचा पशुवैद्य

रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. मोबाईलच्या पडद्यावर आधी छताचा पंखा दिसतो, मग कुणाचा तरी अंगठा, मग सोफ्याखाली दबून बसलेली मांजर. "दुपारपासून अंग गरम लागत होतं, म्हणून पॅरासिटामॉलची गोळी दिली," पलीकडून सांगितले जाते. हेडफोन लावून बसलेल्या पशुवैद्याला पुढचे फारसे विचारायची गरज उरत नाही. माणसाचे यकृत ज्या वाटेने हे औषध निकामी करते, ती वाट मांजरीच्या यकृतात फारच अरुंद असते. तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेईनाशा होतात, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि एकच गोळी तिचा जीव घेऊ शकते. अशा कॉलवर द्यायचा सल्ला एका वाक्याचा असतो: फोन ठेवा, मांजरीला घेऊन आत्ता दवाखान्यात निघा, गोळ्यांचे पाकीट सोबत घ्या.

पाळीव प्राण्यांच्या ऑनलाइन सल्ल्याच्या धंद्यात यापेक्षा मोलाचे काम नाही. पण हा कॉल दीड मिनिटात संपतो, त्यातून औषध विकले जात नाही, आणि "नुसते दवाखान्यात जा म्हणाले" म्हणून ग्राहक एखादा तारा कमीच देतो.

हा धंदा आता आपल्याकडे रुळला आहे. पुण्यात २०१८ मध्ये ‘विगल्स’ सुरू झाली, बंगळुरूत २०२१ मध्ये ‘सुपरटेल्स’. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात साडेपाच वर्षे घालवून पदवी घेतलेल्या वर्ध्याच्या मुलाला किंवा मुलीला हे काम घरी बसून करता येते. रामनगरातल्या खोलीत बसायचे आणि गुरुग्रामच्या लॅब्राडॉरची खाज बघायची. पगार वेळेवर, लाथ बसायची भीती नाही, शेणात हात घालायचा नाही. घरच्यांना मात्र "दिवसभर फोनवर काय करतो" हे समजावून सांगताना नाकी नऊ येतात.

काय करतो, ते सांगण्यासारखे आहे. पशुवैद्य शिकतो तो हातांनी. पोट दाबून बघणे, गाठी चाचपणे, छातीला स्टेथोस्कोप लावणे, ताप मोजणे यावर त्याचे निदान उभे असते, कारण रुग्ण बोलत नाही. फोनवर हे हात नसतात, म्हणून मालकाचे हात उसने घ्यावे लागतात. ओठ वर उचला, हिरडी दाखवा, खिडकीजवळ या. आता हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. कुत्रा झोपलेला असताना छाती मिनिटात किती वेळा वरखाली होते ते मोजा. निवांत कुत्र्यात तो आकडा ३० च्या वर राहिला तर काळजीचे आहे. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडा, ती लगेच बसते की तंबूसारखी उभी राहते? घाबरलेल्या माणसाकडून एवढे करून घेणे ही वेगळीच विद्या आहे.

मालक सांगतो त्यातले काय सांगायचे राहून गेले, हे ओळखावे लागते ते वेगळेच. "बोका सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, बद्धकोष्ठ झालंय" असे कुणी म्हणाले, तर अनुभवी पशुवैद्य आधी लघवीचे विचारतो. नर मांजराची लघवी तुंबली असेल तर एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. मोठ्या चणीचा कुत्रा नुसता उबळ काढतो, बाहेर काही पडत नाही आणि पोट फुगलेले आहे, तेव्हाही एक मिनिट घालवायचे नसते. लस न टोचलेल्या पिल्लाला रक्ताचे जुलाब झाले, तर पार्व्होची शक्यता धरून सलाईनची सोय असलेल्या ठिकाणीच पाठवावे लागते. गोचीडतापाचा संशय रक्त तपासल्याशिवाय मिटत नाही. आणि वर्ध्याच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, चपट्या नाकाचा पग धापा टाकतोय असा फोन आला, तर अंगावर साधे पाणी ओता, पंख्याखाली धरा आणि तसेच गाडीत घाला, एवढेच सांगायचे असते.

उलट बाजूही मान्य केली पाहिजे. जखमेचे टाके नीट भरत आहेत का, म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांध्यांना औषधाने आराम पडला का, पिल्लाला काय खायला घालायचे, लस कधी, जंताचे औषध कधी, हे सगळे फोनवर उत्तम होते. दवाखान्याच्या नुसत्या वासाने थरथरणाऱ्या मांजरीसाठी तर ही सोय वरदान आहे. आमचा आक्षेप तंत्रज्ञानाला नाही, हिशेबाच्या पद्धतीला आहे. जिथे सल्ला स्वस्त किंवा फुकट असतो, तिथे पैसा खाद्य आणि औषधांच्या विक्रीतून यायचा असतो. तिथल्या पशुवैद्याचे काम तासाला किती कॉल झाले आणि कॉलमागे किती खरेदी झाली यावर मोजले, तर "दवाखान्यात जा" हे वाक्य त्याच्या तोंडून दर महिन्याला थोडे थोडे कमी येऊ लागेल. माणूस वाईट नसला तरी हे घडते.

माणसांच्या डॉक्टरांसाठी मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आली, तेव्हा पहिल्याच फोनवर कोणती औषधे लिहिता येतील आणि कोणती मुळीच लिहायची नाहीत, याच्या याद्या त्यात होत्या. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून, अपवादात्मक परिस्थिती सोडली तर, जनावर प्रत्यक्ष तपासल्याशिवाय पशुवैद्याला अँटिबायोटिक लिहिता येत नाही. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२४ पासून व्हिडिओवरच्या तपासणीला मुभा दिली, पण अँटिबायोटिकवर १४ दिवसांची मर्यादा घातली. दोन्हीकडची चिंता एकच: कुत्र्याच्या कातडीवर औषधाला दाद न देणारे जंतू वाढले, तर ते त्याच अंथरुणावर झोपणाऱ्या पोरापर्यंत पोचतात. आपल्याकडेही अशी यादी पशुवैद्याच्या हातात आणि मालकाच्या डोळ्यांसमोर असावी, आणि सल्ला देणाऱ्याच्या पगाराचा औषधविक्रीशी काडीचाही संबंध नसावा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यालाच करता येतो. तेव्हा पडद्यावरच्या माणसाला नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये.

आर्वी, आष्टी, कारंजा भागातला गवळाऊ गायींचा मालक या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांत बसत नाही. "गाय सकाळपासून कुटार खाऊन नाही राहिली" असे सांगणाऱ्याला १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. त्यावर फोन केला की फिरते पशुचिकित्सा पथक बोलावता येते. तिथेही पहिला निर्णय फोनवरच होतो. डावी कूस फुगलेली गाय आणि नुसती रुसलेली गाय यांतला फरक चार प्रश्नांत ओळखावा लागतो, कारण पथकाची गाडी एकाच वेळी दोन गावांत जाऊ शकत नाही. शहरी कुत्र्या-मांजरांवर रात्रपाळी करून तरबेज झालेले कान इथे उपयोगी पडतील. पण त्यासाठी या प्रश्न विचारण्याच्या विद्येला पशुवैद्यकीय अभ्यासक्रमात जागा द्यावी लागेल. आज ती बहुतेकांना नोकरीत लागल्यावर, चुकतमाकत येते.

या नोकरीतला एक त्रास मात्र कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरला रुग्ण बरा झाला की दगावला हे कळते. फोनवरच्या डॉक्टरचा कॉल संपला की गोष्ट मध्येच तुटते आणि लगेच पुढचा कॉल वाजतो. "पिल्लू दोन दिवसांपासून लाळ गाळतंय, पाणी पीत नाही, काल माझ्या मुलीला चावलं," असे कुणी सांगते, तेव्हा डॉक्टर कुत्र्याचे बोलणे थांबवून मुलीचे विचारतो. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. आजच सेवाग्रामला किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. लस सुरू करा, हळद-चुना लावू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. पलीकडून "बरं, उद्या नेतो" असे उत्तर येते आणि फोन बंद होतो.

ती मुलगी रुग्णालयात पोचली का, हे विचारायला दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांचा फोन पुरतो. त्या दोन मिनिटांचे गिऱ्हाइकाकडून पैसे मिळत नाहीत. ते कंपनीने स्वतःच्या खिशातून मोजावेत.