स्वस्त विजेचा हिशेब

मुंबईच्या उपनगरांतील ग्राहकाला वीजपुरवठादार निवडण्याचे जे स्वातंत्र्य आहे, ते देशात अन्यत्र क्वचितच आढळते. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरचा किरकोळ वीजविक्रीचा अधिकार मान्य केला. 2009 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने जुन्याच तारांवरून नव्या कंपनीची वीज घेण्यास वाट करून दिली. तेव्हापासून कोणाची वीज स्वस्त, ही तुलना सुरू आहे.

तुलना करणारा बहुधा प्रत्येक कंपनीच्या वीज आकारात तिचाच वहन आकार मिळवितो आणि नेमका येथेच फसतो. पुरवठादार बदलूनही तारा जुन्या कंपनीच्याच राहिल्या, तर वहन आकार तिच्याच दराने पडतो. समजा, जुन्या कंपनीचा वीज आकार युनिटला 5 रुपये व वहन आकार 2.50 रुपये आहे. नवीचे हेच आकडे 5.50 व 1.50. कागदावर 7.50 विरुद्ध 7, म्हणजे 200 युनिटांमागे 100 रुपयांची बचत. प्रत्यक्षात दर पडतो 8 रुपये, म्हणजे 100 रुपयांचा तोटा. आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क निराळेच!

सरासरी दराचा आधारही असाच पोकळ. वापर 100, 300 व 500 युनिटांच्या टप्प्यांनी मोजला जातो. जानेवारीत स्वस्त ठरलेली कंपनी पंख्यांच्या मे महिन्यात महाग ठरू शकते. ग्राहकाच्या गेल्या 12 देयकांवरून दोन्ही हिशेब मांडून देण्याचे बंधन आयोगाने कंपन्यांवर घालावयास हवे. ती देयके त्यांच्याच दप्तरी असतात.