खेळाडूचा दाखला अडवू नका

धुळ्यात मी कॉलेजच्या पोरांना कबड्डी शिकवतो. जूनमध्ये चांगल्या चढाईपटूला दुसरं कॉलेज फीमाफी अन् होस्टेल देऊ करतं, की जुनं कॉलेज दाखला अडवून धरतं. शेतमजुराच्या पोराने नुसत्या ट्रॅकसूटवर खेळायचं, गुडघ्याचं क्रेप बँडेजही स्वतःच्या खिशातून घ्यायचं? अमेरिकेत जुलै २०२५पासून विद्यापीठं फुटबॉलपटूंना थेट पैसे देऊ शकतात. आपल्याकडे तेवढी कमाई नाही, मान्य. पण २०१४पासून प्रो कबड्डीच्या लिलावात चढाईपटूची किंमत उघड ठरते. कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाने जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी कडक नियम करावा: दाखला मागताच द्यावा, खुराकाचे पैसे थेट खेळाडूच्या खात्यात जमा करावेत, अन् दुखापतीचा सगळा खर्च कॉलेजने उचलावा.